दाखला कोणासाठी? आरंभीच्या ख्रिस्ती शिकवणीतील कथा आणि त्यांना जोडलेले अर्थ

उंबरठा (धागाकर्ता)

मराठी बायबलात येशूच्या कथांना ‘दाखला’ म्हणतात: पेरणाऱ्याचा दाखला, निदणाचा दाखला, चांगल्या शोमरोन्याचा दाखला. पहिल्यांदा वाचताना हा शब्द मला खटकला होता, कारण दाखला म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो तहसील कचेरीतला उत्पन्नाचा किंवा शाळा सोडल्याचा. ‘दृष्टान्त’ हा घरचा शब्द हाताशी असताना भाषांतरकारांनी तो का उचलला नाही, असे वाटत राहिले. पुढे ध्यानात आले की तो त्यांनी उचलला आहे, पण दुसऱ्या कामासाठी. भर दुपारी घराच्या धाब्यावर प्रार्थनेला बसलेल्या पेत्र या शिष्याला आकाशातून उतरणारी चादर दिसते, त्याला मराठी बायबल ‘दृष्टान्त’ म्हणते. आपल्याकडेही देव स्वप्नात येऊन दृष्टान्त देतोच. तो शब्द असा आधीच गुंतलेला असल्यामुळे कथेच्या वाट्याला दाखला आला असावा, आणि आता मला तोच अधिक नेमका वाटतो. कारण दाखला पुढे ठेवला जातो तो कोणीतरी निवाडा करावा म्हणून.

मूळ ग्रीक शब्द ‘पाराबोले’, म्हणजे एका गोष्टीशेजारी दुसरी ठेवणे. हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात ‘माशाल’ या शब्दासाठी तो वापरला गेला, आणि माशालाच्या पोटात म्हण, कोडे, टोमणा, उपमा आणि कथा असे सगळेच मावते. येशूचे दाखले किती, यावर अभ्यासकांचे एकमत होत नाही ते याचमुळे: कोणी तीसच्या आसपास थांबतो, कोणी चाळिसाच्या पुढे जातो. मार्क, मत्तय आणि लूक या तीन शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या जीवनाच्या वृत्तांतांत, ते विखुरलेले आहेत. योहानाच्या चौथ्या शुभवर्तमानात मेंढपाळ आणि द्राक्षवेल आहेत, पण आरंभ, मध्य आणि शेवट असलेली कथा जवळजवळ नाही.

धागा काढण्याचे कारण असे. साध्याभोळ्या माणसांना अवघड तत्त्व सोपे करून सांगण्यासाठी येशूने गोष्टी सांगितल्या, अशी माझी समजूत होती, आणि मार्काच्या चौथ्या अध्यायात ती कोसळली. पेरणाऱ्याची गोष्ट सांगून झाल्यावर शिष्य एकान्तात तिचा अर्थ विचारतात, तेव्हा मिळणारे उत्तर बुचकळ्यात टाकणारे आहे: देवाच्या राज्याचे रहस्य तुम्हाला दिले आहे, बाहेरच्यांना मात्र सारे दाखल्यांतून मिळते, ते यासाठी की त्यांनी पाहूनही त्यांना दिसू नये आणि ऐकूनही उमजू नये. हे शब्द यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून आलेले आहेत. म्हणजे दाखला समजावा म्हणून सांगितला जातो, की समजू नये म्हणून? मत्तयाने हाच प्रसंग लिहिताना मार्काचे ‘हिना’, म्हणजे ‘यासाठी की’, काढून ‘होति’, म्हणजे ‘कारण’, घातले आहे. लोकांना दिसत नाही म्हणून मी दाखल्यांनी बोलतो, असा अर्थ त्यातून होतो. मार्काचे वाक्य पहिल्या शतकातच कोणाला तरी जड गेले होते, याची खूण त्या एका शब्दात राहिली आहे.

माझे मत मांडतो, आपण ते तपासावे. या कथांचे कूळ नाथान संदेष्ट्याच्या कथेत आहे. दावीद राजाने उरीयाची बायको बळकावली आणि उरीयाला लढाईत मारवले, त्यानंतर नाथान त्याच्यासमोर येतो आणि गुन्ह्याचे नावही न काढता एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो: त्याने ती पोटच्या पोरीसारखी वाढवली होती, आणि श्रीमंत शेजाऱ्याने आपल्या पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद संतापून म्हणतो, असे करणारा मरणास पात्र आहे. त्यावर नाथानाचे उत्तर एवढेच आहे, की तो माणूस तूच आहेस. ऐकणाऱ्याने स्वतःविरुद्ध निकाल देऊन मोकळे व्हावे, ही या कथेची रचना. लूकाच्या दहाव्या अध्यायात शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? येशू गोष्ट सांगतो: लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून एक याजक आणि मंदिराचा सेवक असलेला एक लेवी बाजूने निघून जातात; यहूद्यांच्या वैरी समाजातला एक शोमरोनी मात्र त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला उतारशाळेत नेतो आणि मालकाला दोन दिनार देऊन त्याची काळजी घ्यायला सांगतो. कथा संपल्यावर येशू तोच प्रश्न फिरवून त्याच्याकडे टाकतो: तिघांपैकी शेजारी कोण ठरला? शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द काही निघत नाही. तो म्हणतो, ज्याने दया केली तो.

पुढच्या तीन-चार शतकांत ख्रिस्ती आचार्यांनी या कथांना तपशीलवार अर्थ जोडले, आणि ऐकणाऱ्याने करायचा निवाडा गुरूने आधीच करून ठेवला, असे मला वाटते. याविषयी चर्चा व्हावी.

तिफण

माझे घराणे नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्या ख्रिस्ती आणि त्याहून कितीतरी पिढ्या शेतकरी, म्हणून पेरणाऱ्यापासूनच सुरुवात करतो. रविवारच्या शाळेत हा दाखला शिकून मी घरी आलो, तेव्हा आजोबांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “हा कसला शेतकरी? चाड्यावर मूठ धरायची सोडून बी वाटेवर आणि खडकावर सांडत चालला!” आमच्याकडे बी तिफणीच्या चाड्यातून नळ्यांवाटे सरळ तासात पडते, आणि ज्याच्या हाताखालून वाटेवर बी गेले त्याला गावात नाव ठेवतात. पाळकांनी सांगितलेल्या अर्थात आजोबांच्या शंकेला उत्तर नव्हते.

ते पुष्कळ वर्षांनी सापडले. पॅलेस्टाइनात बी हाताने फोकून पेरत, आणि निदान काही वेळा आधी पेरणी करून मग नांगर घालत. शब्बाथाला, म्हणजे यहूद्यांच्या विसाव्याच्या वारी, वर्ज्य असलेल्या ३९ कामांची यादी मिश्ना या यहूदी नियमसंग्रहात आहे, तिच्यात पेरणी आधी येते आणि नांगरणी नंतर, आणि तालमूद या त्यावरच्या भाष्यग्रंथाच्या कर्त्यांनी खुलासा केला आहे की इस्राएलच्या भूमीत तशीच रीत होती. हंगामभर लोकांनी तुडवून केलेली पाऊलवाट नांगराखाली जाणारच होती. पातळ मातीखालचा खडक फाळ अडेपर्यंत दिसणार नव्हता. येरेमियास या जर्मन अभ्यासकाने १९४७च्या ग्रंथात हा मुद्दा लावून धरला, पुढे त्यावर वादही झाले, पण आजोबांच्या पेरणाऱ्याची अब्रू त्यामुळे वाचली एवढे खरे.

आता मूळ मुद्दा. कथा ऐकताना शेतकऱ्याचे लक्ष शेवटाकडे लागते. तीन ठिकाणी बी वाया गेले, तरी चौथ्या ठिकाणी तीसपट, साठपट आणि शंभरपट आले. शंभरपट हा बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाला लाभलेला आकडा आहे, म्हणजे देवाच्या आशीर्वादाचे पीक. कथेचा भर असा सुगीवर आहे. मार्कातच पुढे जो खुलासा येतो, त्याचा भर मात्र जमिनीच्या चार प्रतींवर आहे: सैतान, छळ, संसाराची चिंता आणि धनाचा मोह. त्या खुलाशात बी म्हणजे वचन असे सुरुवातीला म्हटले आहे, आणि दोन ओळींनंतर पेरलेली माणसेच बी होऊन बसतात. छळामुळे माणसे गळून पडताना पाहणाऱ्या एखाद्या मंडळीच्या अनुभवातून हा खुलासा तयार झाला असावा, हे अनेक अभ्यासकांचे मत मला पटते. थोमाच्या नावाने असलेल्या, बायबलात नसलेल्या शुभवर्तमानात हीच कथा नवव्या वचनात येते, आणि तेथे खुलाशाचा एकही शब्द नाही.

पोथीवाला

तिफण यांनी खुलाशाचा मुद्दा काढलाच आहे, म्हणून महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’ची आठवण करून देतो. त्यात प्रत्येक प्रकरणाचे तीन भाग असतात: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टान्त चक्रधरस्वामींचे. कथा कशाला लागू पडते हे सांगणारे दार्ष्टान्तिक मात्र ग्रंथाचे संकलक केसोबास यांचे. दोन्ही परंपरांत गुरूने लिहून काहीच ठेवले नाही, शिष्यांनी आठवणीतून लिहिले. परंतु केसोबासांनी आपली जोड वेगळ्या नावाने वेगळी ठेवली. मार्काच्या चौथ्या अध्यायात दार्ष्टान्तिक येशूच्याच मुखी आहे, त्यामुळे शिवण कुठे आहे ते शोधत बसावे लागते.

तुलना इथेच थांबवतो, कारण या दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध नव्हता. मात्र ‘दार्ष्टान्तिक’ हा शब्द आपल्या चर्चेला उपयोगी पडेल. दाखल्यांचा आरंभीचा इतिहास म्हणजे दार्ष्टान्तिक कोणी लिहायचे याचा इतिहास, असे म्हणता येईल.

वसईचा वारा

उंबरठा, आपला सूर आचार्यांवर जरा अन्याय करणारा आहे. मी कॅथलिक घरातला, लहानपणापासून उपदेशांत अशीच स्पष्टीकरणे ऐकत आलो, म्हणून त्यांची बाजू मांडतो.

शोमरोन्याच्या दाखल्याचा ऑगस्टीन या चौथ्या-पाचव्या शतकातल्या आचार्याने लावलेला अर्थ नेहमी हसण्यासाठी उद्धृत केला जातो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा माणूस म्हणजे आदाम. यरुशलेम ही स्वर्गीय शांतीची नगरी. यरीहो म्हणजे चंद्र, कारण तो वाढतो, घटतो आणि मावळतो, म्हणून आपल्या मर्त्यपणाची खूण. लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत. याजक आणि लेवी म्हणजे तारण देऊ न शकलेली जुन्या कराराची सेवा. शोमरोनी म्हणजे स्वतः ख्रिस्त. उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा, आणि तिचा मालक म्हणजे प्रेषित पौल. ऑगस्टीनला हे रात्री झोपेत सुचलेले नव्हते. त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओरिजेनने लूकावरच्या प्रवचनांत जवळजवळ हाच अर्थ सांगितला आणि तोही स्वतःच्या नावावर न घेता ‘एका वडीलधाऱ्याचा’ म्हणून सांगितला. त्याही मागे, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, लिआँचा बिशप आयरेनियस जखमी मनुष्याला ख्रिस्ताने पवित्र आत्म्याच्या हाती सोपवल्याचे आणि दोन दिनार दिल्याचे लिहितो. म्हणजे ही वाट अनेकांच्या पायांनी मळलेली होती.

आणि हे ऐकत कोण होते? मूर्तिपूजा सोडून आलेले, दीर्घ तयारीनंतर बाप्तिस्मा घेतलेले लोक. रस्त्यावर अर्धमेला पडलेला माणूस मीच, तेल आणि द्राक्षारस माझ्याच जखमांवर ओतले गेले, आणि ज्या घरात मी आज बसलो आहे तीच ती उतारशाळा, असे ऐकणे ही त्यांच्यासाठी वाङ्मयीन करामत नव्हती. दक्षिण इटलीतल्या रोसानो येथे जांभळ्या चर्मपत्रावरचे सहाव्या शतकातले शुभवर्तमान जपलेले आहे. त्यातल्या चित्रात जखमी माणसावर ओणवा झालेला शोमरोनी साक्षात ख्रिस्त आहे, डोक्यामागे क्रूसाचे प्रभामंडळ आहे, आणि शेजारी एक देवदूत हातात भांडे धरून उभा आहे. हा अर्थ पुस्तकातच राहिला नव्हता. लोक तो डोळ्यांनी पाहून प्रार्थना करीत होते.

शंकेखोर

वसईचा वारा, चित्राविषयी आपण लिहिलेले आवडले. तरीही एक हिशेब विचारतो. ते दोन दिनार आयरेनियसकडे पिता आणि पुत्र यांची प्रतिमा आणि लेख असलेली नाणी आहेत. ओरिजेनच्या वडीलधाऱ्याकडे पिता आणि पुत्र. ऑगस्टीनकडे देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या दोन आज्ञा, किंवा मग इहलोक आणि परलोक यांची वचने. जी किल्ली प्रत्येक कुलपाला लागते, ती नेमक्या याच कुलपाची आहे हे कसे ठरवायचे?

माझी अडचण त्याहून मोठी आहे. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर, यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली, आणि मधला रस्ता साधारण २७ किलोमीटरचा, ओसाड डोंगरांतून उतरणारा. ऐकणाऱ्यांना तो पायाखालचा होता. याजक गेला, लेवी गेला, आता तिसरा कोणीतरी साधा यहूदी येणार, असा कथेचा ठेका असताना येतो तो शोमरोनी. गरिज्जीम डोंगरावरचे त्यांचे मंदिर यहूदी राज्यकर्त्यांनी उद्ध्वस्त केलेले होते आणि दोन्ही समाजांचे हाडवैर होते. त्या शास्त्र्याच्या घशात जे अडकले ते हेच. शोमरोन्याच्या जागी ख्रिस्ताला बसवले की शत्रूच कथेतून नाहीसा होतो, आणि मग घशात अडकायला काही उरत नाही.

उंबरठा

शंकेखोर यांनी माझेच म्हणणे माझ्यापेक्षा नीट मांडले. पण वसईचा वारा यांच्या प्रतिसादानंतर मी पुन्हा वाचायला बसलो आणि माझ्या मूळ विधानात दुरुस्ती करावी लागली, कारण सगळे आचार्य एका माळेचे मणी नव्हते.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजचा टर्टुलियन हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि उधळ्या पुत्र या लूकाच्या पंधराव्या अध्यायातल्या कथांविषयी लिहिताना वैतागून विचारतो: मेंढरे शंभरच का? नाणी दहाच का? आणि ती केरसुणी म्हणजे काय? नाणे शोधणारी बाई दिवा लावून घर झाडते, म्हणून कथेत केरसुणी आली. तिच्यात गूढ काही नाही, असे त्याचे म्हणणे. हा प्रश्न वाचून मी एकटाच हसलो. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात मत्तयावर प्रवचने करणारा जॉन क्रिसोस्टोम द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यापाशी येतो. पहाटेपासून राबणाऱ्याला आणि दिवसाच्या अकराव्या तासाला आलेल्याला एकच दिनार मिळतो, त्यात पाचही वेळांचे अर्थ आदामापासूनच्या युगांशी जुळवण्याची रीत आयरेनियसपासून होती. क्रिसोस्टोम स्पष्ट सांगतो की दाखल्यातल्या प्रत्येक शब्दाचा कीस काढू नये. तो कशासाठी रचला ते कळले की तेवढे पदरात घ्यावे आणि पुढे उकरत बसू नये.

खुद्द आयरेनियसनेही इशारा दिला होता. राजाचे सुंदर चित्र रत्नांच्या तुकड्यांनी जडवलेले असावे, आणि कोणी ते तुकडे उचकटून त्यांचाच कोल्हा मांडावा आणि म्हणावे की कारागिराने केलेला राजा तो हाच: शास्त्रवचने आणि दाखले आपल्या मताप्रमाणे जुळवणाऱ्या ज्ञानवादी (गूढ ज्ञानानेच तारण होते असे मानणाऱ्या) पंथांविषयी त्याने ही उपमा योजली आहे.

वसईचा वारा

दुरुस्तीबद्दल आभार, पण टर्टुलियनला इतक्या सहजी आपल्या बाजूला घेऊ नका. तो केरसुणीचा प्रश्न कुठे विचारतो ते पाहा. बाप्तिस्म्यानंतर व्यभिचार करणाऱ्यांना पुन्हा मंडळीत घेण्याला त्याचा कडवा विरोध होता. घ्यावे म्हणणारे लोक पुरावा म्हणून याच तीन कथा पुढे करीत होते: मेंढरू कळपातलेच होते, नाणे घरातलेच होते, पुत्र बापाचाच होता. हे तपशील मोजायचे ठरवले तर क्षमेचे दार उघडते. म्हणून तो म्हणतो, तपशील मोजू नका. संयमी वाचनाचा नियम त्याने काढला तो क्षमा आखडण्यासाठी. आणि ज्यांना आपण कल्पनेचे पतंग उडवणारे म्हणतो, ते त्या वादात बापाच्या बाजूने उभे होते.

शंकेखोर

हे मला ठाऊक नव्हते. केरसुणीविषयीचे माझे हसू निम्मे ओसरले.

कोरा कागद

मी बँकेत नोकरी करतो, त्यामुळे मला या कथांतले आकडे आधी दिसतात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला सेवक राजाचे १०,००० तालांत देणे लागतो. एका तालांताचे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. हिशेब केला तर हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. वर्षातले ३०० दिवस काम धरले तरी दोन लाख वर्षे. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस सांगतो की येशूच्या काळचा तिथला राज्यकर्ता हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला २०० तालांत उत्पन्न होते. म्हणजे अंतिपाने आपला सगळा महसूल पन्नास वर्षे याच्या खात्यावर जमा केला असता तेव्हा कुठे हे कर्ज फिटले असते! आणि तो सेवक गुडघे टेकून म्हणतो काय, तर मला थोडी सवड द्या, सगळे फेडतो. गालीलातल्या श्रोत्यांमध्ये इथे खसखस पिकली असणार. पुढे तोच माणूस बाहेर पडून १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. हे कर्ज मात्र खरेच फिटण्यासारखे, चार महिन्यांच्या मजुरीचे आहे. दोन्ही रकमांचे प्रमाण सहा लाखांस एक. या आकड्यांना गूढार्थ चिकटवायची गरजच नाही. ते आकडे म्हणूनच काम करतात.

लूकाच्या सोळाव्या अध्यायातला कारभारी मला अधिक सतावतो. नोकरी जाणार हे कळताच तो धन्याच्या कुळांना बोलावतो आणि त्यांच्याच हातून खत बदलून घेतो: शंभर बथ तेलाचे पन्नास, शंभर कोर गव्हाचे ऐंशी. आमच्याकडे त्याच दिवशी पोलीस आले असते. कथेत मात्र धनी त्याची वाहवा करतो. पुढच्या चार-पाच ओळींत एकामागून एक तात्पर्ये येतात: या युगाचे लोक चतुर असतात, धनाने मित्र जोडा, थोडक्यात जो विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, देवाची आणि धनाची चाकरी एकदम होत नाही. डॉड या वेल्श अभ्यासकाने १९३५ साली म्हटले होते की ही जवळजवळ तीन वेगवेगळ्या प्रवचनांची टिपणे वाटतात. कथा न पचल्यामुळे प्रत्येकाने आपापले दार्ष्टान्तिक जोडून पाहिले आणि लूकाने ती सगळी जपली, असे मला दिसते. एकही न गाळल्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

पोथीवाला

एक सावधगिरी नोंदवून ठेवतो. यहूदी गुरूंचे नियम रूक्ष आणि येशूच्या कथा जिवंत, असा भेद पुष्कळदा केला जातो, आणि तो चुकीचा आहे. रब्बींच्या वाङ्मयात माशाल शेकड्यांनी आहेत, आणि ‘ही गोष्ट कशासारखी आहे? एका राजासारखी’ अशी त्यांची ठरलेली सुरुवात असते. यरुशलेमच्या तालमूदात रब्बी बून बार हिय्या तरुणपणी वारला तेव्हाचे शोकभाषण आहे. एका राजाने पुष्कळ मजूर लावले. एकाचे काम फार चांगले पाहून राजा त्याच्याबरोबर फेऱ्या मारीत बोलत राहिला. संध्याकाळी त्यालाही पूर्ण मजुरी मिळाली तेव्हा इतर कुरकुरले, आणि राजा म्हणाला, याने दोन तासांत जे केले ते तुम्ही दिवसभरात केले नाही. ही कथा मत्तयाच्या मजुरांनंतर सुमारे तीन शतकांनी लिहिली गेली; कोणी कोणाकडून घेतली हे शोधण्यापेक्षा दोघांचा साचा एकाच मातीतला होता हे पाहावे. मत्तयाचा मालक मात्र उशिरा आलेल्याच्या कर्तबगारीबद्दल अवाक्षर काढत नाही. तो एवढेच विचारतो, मी उदार आहे म्हणून तुला सलते का?

तिफण

शुभवर्तमानांच्या बाहेरचे एक उदाहरण देतो, कारण दाखले सांगणे येशूबरोबर थांबले नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मासने ‘मेंढपाळ’ नावाचा ग्रंथ लिहिला. हर्मास स्वतः कधीकाळी गुलाम म्हणून विकला गेलेला होता. ग्रंथाच्या तिसऱ्या भागात दहा दाखले आहेत, आणि हा ग्रंथ इतका मानला जाई की बायबलाच्या चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखितात तो नव्या कराराच्या पुस्तकांपाठोपाठ उतरवलेला आहे.

त्यातला दुसरा दाखला द्राक्षवेल आणि एल्म या झाडाचा. एल्मला फळ धरत नाही. वेलीला धरते, पण ती जमिनीवर पसरली तर थोडे आणि सडके. वेल झाडावर चढवली की दोघांच्या जोडीतून भरघोस पीक येते. नाशिककडे मांडवाखालून चाललेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. श्रीमंत म्हणजे एल्म, गरीब म्हणजे वेल: श्रीमंताकडे पैसा आहे पण प्रार्थना अशक्त, गरिबाची प्रार्थना देवापाशी पोहोचते, म्हणून एकाने आधार द्यावा आणि दुसऱ्याने फळ. रोमच्या मंडळीत दोन्ही थरांचे लोक एका छताखाली बसत होते, त्यांच्यासाठी हा दाखला रचलेला आहे. मला तो थोडा फार सोयीचा वाटतो. येशूच्या कथेत श्रीमंताला इतक्या स्वस्तात सुटता येत नाही.

पाचवा दाखला मात्र आपल्या धाग्याच्या नेमका मुद्द्यावरचा आहे. धनी मळ्याला फक्त कूड घालायला सांगून जातो, आणि गुलाम आपण होऊन निंदणीही करतो. या एकाच कथेला आधी उपवासाचा अर्थ दिला जातो आणि मग देवाच्या पुत्राचा. मधल्या वेळात हर्मास इतके खोदून खोदून विचारतो की अर्थ सांगणारा मेंढपाळच त्याला दटावतो. इथे कथा आणि दार्ष्टान्तिक एकाच लेखकाने एकत्र रचले आहे, तरी एका अर्थाने भागलेले नाही.

शंकेखोर

आधुनिक बाजूही एका परिच्छेदात उरकतो. यूलिशर या जर्मन अभ्यासकाने १८८६ आणि १८९९ साली निघालेल्या दोन खंडांत रूपकांचे हे सगळे मजले पाडले आणि प्रत्येक दाखल्याचा मुद्दा एकच, असा नियम घातला. अनेक दशके तो प्रमाण मानला गेला. पण त्याने काढलेले एकेक मुद्दे वाचले तर ती शाळेच्या भिंतीवर लिहिण्याची सुवचने वाटतात. असल्या सुवचनांसाठी कोणी कोणाला क्रूसावर चढवत नाही. ऑगस्टीनचा यरीहोचा चंद्र निदान लक्षात तरी राहतो.

कोरा कागद

मग एक प्रयोग करून पाहू. तिफण यांनी उल्लेख केलेले थोमाचे शुभवर्तमान १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ कॉप्टिक भाषेत सापडले. त्यात ११४ वचने आहेत, पण घटनांची कथा नाही. त्यातले ९७वे वचन इतर कोणत्याही शुभवर्तमानात नाही, म्हणून शतकानुशतकांच्या प्रवचनांचा हात त्याला लागलेला नाही. मजकूर साधारण असा: पित्याचे राज्य पिठाने भरलेले मडके नेणाऱ्या एका बाईसारखे आहे. ती दूरच्या वाटेने चालली असताना मडक्याचा कान तुटला आणि पीठ तिच्यामागे वाटेवर सांडत गेले. तिला कळले नाही. काही बिनसल्याचे तिच्या लक्षातच आले नाही. घरी पोहोचून तिने मडके खाली ठेवले, तेव्हा ते रिकामे होते.

बस, एवढेच. दार्ष्टान्तिक आपण लिहावे.

वसईचा वारा

राज्य नकळत हातून निसटते, म्हणून जागे राहा. किंवा राज्य नकळत वाटभर पेरले जाते, आणि रिकामे होणे हीच त्याची रीत. दोन्ही लिहिले आणि दोन्ही खोडले. पहिला अर्थ लिहिताना मी त्या बाईला दोष देत होतो आणि दुसरा लिहिताना तिला संत करीत होतो. कथेत ती यांपैकी काहीच नाही, फक्त दमलेली आहे.

पोथीवाला

एक भाषिक गोष्ट नोंदवतो. कोरा कागद यांनी ‘मडक्याचा कान’ असे सहज मराठीत लिहिले, कारण आपण कढईला आणि मडक्याला कान असतात असेच म्हणतो. गंमत अशी की कॉप्टिक मजकुरातही तिथे जो शब्द आहे, त्याचा अर्थ कानच आहे. आणि ज्या संग्रहात पुन्हा पुन्हा ‘ज्याला कान आहेत तो ऐको’ असे येते, त्याच संग्रहातल्या या बाईच्या मडक्याचा कान तुटतो आणि तिला काही कळत नाही.

उंबरठा

पोथीवाला, हे वाचून अंगावर काटा आला. पण लगेच टर्टुलियन आठवला: आणि ती केरसुणी?

पोथीवाला

तिच्यावाचून सांडलेले पीठ कसे गोळा करणार, हे त्याने सांगितलेले नाही.